देवापुढचं घोडं आणि दफेदार

राम राम म्हणायची दफेदारांना सवयच नव्हती. सकाळी आमच्या पागेच्या दारात उभे राहिले की पहिला सवाल, "लीद पडली का?" घरात कोण आजारी आहे, कोण पाहुणा आलाय, काही बघायचे नाहीत. एकदा माझ्या धाकट्या बहिणीला बघायला सुप्याकडचे पाहुणे आले होते. ओसरीवर पोह्यांच्या बशा नुकत्याच ठेवल्या होत्या आणि दारातून आवाज आला, "लीद पडली का रे?" पाहुण्यांचे घास हातात राहिले. मी म्हणालो, "पडली, दफेदार. पाव्हणं आल्यात." तर हे आत आले, नवऱ्या मुलापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "तोंड उघड." पोरगं घाबरून आऽ करून बसलं. यांनी त्याची हनुवटी उजेडाकडं वळवली, आत नीट बघितलं आणि माझ्या आईला म्हणाले, "डावी दाढ किडलीया. बाकी जनावर सरळ हाय. द्या."

दिली. वर्षाच्या आत दाजींनी ती दाढ काढून घेतली. बाकी माणूस खरंच सरळ निघाला.

दफेदार हा त्यांचा हुद्दा कधीच नव्हता. नगरला घोडदळाच्या रिसाल्यात ते मोतद्दार होते, म्हणजे घोड्याचा खरारा, दाणापाणी, लीद काढणं हे काम. पण नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत, म्हणून सगळं गाव दफेदार म्हणायचं. रिसाल्यात घोड्यांच्या जागी रणगाडे आले आणि हे गावी परत आले. का आलात, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "रनगाड्याला दात नसत्यात. मी तिथं काय करू?"

माणसाला अरे-तुरे आणि घोड्याला अहो-जाहो, ही त्यांची रीत. पाटील आला तरी "ये लेका, बस." आणि माझ्या अडीच वर्षांच्या शिंगराला, "सरकार, जरा अंग चोरता का? मागं झाडायचंय." शिंगराचं नावच त्यामुळं सरकार पडलं. ते दुष्काळाचं साल होतं. सगळी माणसं सरकारच्या खडीच्या कामावर, हातात मदतीच्या पिठाचं, म्हणजे सुकडीचं, भांडं. आणि आमच्या दारात यांचं चाललेलं, "सरकार, आज दाना कमी का खाल्ला?" येणारे-जाणारे हसायचे. म्हणायचे, "आमचं सरकार सुकडी देतंय, तुमचं हरभरा खातंय." मला राग यायचा. दफेदारांना ऐकूच जायचं नाही.

घोडं शिकवणारा माणूस म्हटलं की पिळदार मिशा आणि हातात चाबूक असं तुम्हाला वाटत असेल. हे काडीसारखे बारीक, आणि एवढा काळजीखोर माणूस मी तालुक्यात दुसरा बघितला नाही. घोड्याला भीत नव्हते. लाथ झाडणाऱ्या घोडीच्या पोटाखालून सरळ निघून जायचे. पण त्या घोडीच्या पोटात कळ उठली तर? भिंतीला खिळा आहे, डोळ्यात गेला तर? कोंबडीचं पीस तोबऱ्यात पडलं तर? नवा कडबा आला की काडी-काडी हुंगायचे. "घोडं म्हंजे काचंचं भांडं," असं म्हणायचे. त्यांच्याबरोबर महिनाभर राहिलं की धडधाकट माणूस रात्री उठून गोठ्यात बघून यायला लागायचा. मी लागलो होतो.

आता मानाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात चैत्रात भैरवनाथाची जत्रा असते. पालखीपुढं एक घोडं चालतं. त्याच्यावर कुणी बसत नाही, पाठीवर शाल असते आणि शालीवर देव असतो असं आम्ही मानतो. ते घोडं द्यायचा मान माझ्या आजापासून आमच्या घराला आहे. पण घोडं अव्यंग पाहिजे. पालखी उठायच्या आधी गुरव आणि गावातली दोन म्हातारी माणसं त्याला बघतात. कान फाटका नको, डोळ्यात फूल नको, खूर चिरलेला नको, दात पडलेला नको. एक जरी खोट निघाली, तर मान पुढच्या घराला. पुढचं घर म्हणजे माझा चुलतभाऊ सोपान. त्यानं पांढरी घोडी आणून दारात बांधूनच ठेवली होती. मान एकदा उंबरा ओलांडून गेला की परत येत नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारा. म्हणजे आता मलाच विचारा.

आमची जुनी घोडी आदल्या पावसाळ्यात म्हातारी होऊन गेली. मागं राहिलं हे शिंगरू. मी दफेदारांना बोलावून सांगितलं, "चैताला पालखीपुढं चाललं पायजे. ढोल-हलगीला बुजता कामा न्हाई."

दफेदारांनी शिंगराभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "चालंल की. जगलं तर."

असा माणूस.

दुसरे शिकवणारे आधी पाठीवर ओझं टाकतात. दफेदारांनी आधी तोंडात हात घातला. रोज सकाळी बोटांना गूळ लावायचा, पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते तिथून हात आत सरकवायचा, जीभ हळूच मुठीत धरून बाजूला घ्यायची आणि एकेका दाढेवरून बोट फिरवायचं. तोंडानं चालू, "बरं हाय का सरकार? हितं? हितं न्हाई ना दुखत?" मग हात धुवायचा, बोटांचा वास घ्यायचा आणि त्यानंतर चहा. तोपर्यंत चहा दिला तर निवून जायचा, पण प्यायचे नाहीत.

दुपारी लांब दोरीवर गोल फिरवणं, म्हणजे कावा. शेजारी रिकामा डबा बडवायला बसवलेली माझी आई. ती बडवून बडवून वैतागायची. आमच्या कारभारणीनं एक दिवस विचारलंच, "ह्यास्नी घोडं शिकवाया आनलंय का घोड्याची दातं घासाया?"

दफेदार म्हणाले, "पोरी, जनावराला बोलता येत न्हाई. तोंड दावाया शिकलं की त्येला बोलता आलं."

मग माझ्याकडं वळले. "तू पन हात घालत जा."

"ते मोतद्दाराचं काम हाय. मी मालक हाय."

"घोड्याला मालक कळत न्हाई. हात कळतो."

"आन मी माझ्या घरच्या शिंगराला अहो-जाहो करनार न्हाई," मी म्हणालो. नाही केलं. हात घातला नाही तो नाहीच घातला. चौथीत गुरुजींनी छडी उगारली तर मी शाळा सोडली, पण हात पुढं केला नव्हता. मी तसाच आहे.

फाल्गुन लागला आणि दाव्याखाली अर्ध्या चावलेल्या कडब्याचे बोळे दिसायला लागले. सरकार घास घ्यायचा, मान एका बाजूला वाकडी करायचा, चावायचा, आणि ओला बोळा खाली सोडून द्यायचा. काव्यावर उजवीकडं छान पळायचा, डावीकडं वळवला की मान झटकायचा. मी म्हणालो, "मस्ती आलीया. लगाम आवळा."

दफेदारांनी लगामच उतरवला. हात आत घातला, बराच वेळ ठेवला. बाहेर काढला, बोटं हुंगली आणि तिथंच मातीत बसले.

"काय झालं?"

"दुधाच्या दाढेची टोपी अडकलीया. खालनं नवी दाढ वर ढकलतीया आन ही सुटंना. कडा गालात रुततीया. काढाया पायजे."

"काढायची न्हाई," मी म्हणालो.

"मंग खानार काय?"

"जत्रा झाल्यावर काढा. दात पडल्यालं घोडं देवापुढं चालत न्हाई."

त्यांनी लगाम खुंटीला टांगला. त्यांना देवाचं भय नव्हतं असं नाही, पण त्यांच्या हिशेबात घोड्याचं तोंड आधी यायचं. त्या दिवसापासून आमच्यात बोलणं कमी झालं. मी कडब्याची कुट्टी करून दिली, हरभरा भिजवून दिला, भुसा मऊ करून दिला. बोळे पडतच राहिले. शिंगराच्या बरगड्या वर यायला लागल्या. दुष्काळात माणसं उपाशी असताना तोंडापुढं चारा असून जनावर उपाशी, हे बघवत नव्हतं. सकाळी मी पागेत जायचो, तर दफेदार आधीच तिथं. ते "लीद पडली का?" विचारायचेही नाहीत. स्वतःच बघून सांगायचे, "थोडी पडली. कालच्यापरीस थोडी."

शेवटी एक दिवस त्यांनी कमरेची तंबाखूची चंची काढली. तळातून एक पिवळसर, पोकळ तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. चिंचोक्यापेक्षा मोठा, खालून टोकदार.

"ही टोपी हाय. रिसाल्यातल्या एका घोडीची. ही पडल्याबिगर नवी दाढ येत न्हाई. तुझ्या पोराचा दुधाचा दात पडला, तर तू त्येला पंगतीतनं उठवतो का?"

मी हो म्हणालो नाही. "तुमचं तुमी बघा," म्हणालो. माझ्या घरात त्याचा अर्थ हो असाच होतो.

मला वाटलं, आता काढतील. तर नवंच सुरू झालं. म्हणाले, "असं न्हाई काढायचं. आधी धनुर्वाताची लस."

"आवं दाढंची टोपी तर हाय."

"जखम हाय. हितं समदी लीद हाय. लिदीत धनुर्वात असतो." मग त्या चंचीकडं बघत म्हणाले, "ही टोपी जिची, त्या घोडीच्या खुरात खिळा गेल्ता. मी म्हनलं एवढासा तर हाय. नवव्या दिशी डोळ्यावर पांढरा पडदा आला. मंग ताठली. लाकडावानी. मान माझ्या मांडीवर हुती."

एवढं बोलून त्यांनी चंची कमरेला खोचली. त्या दिवशी मला कळलं, हा माणूस भिंतीतला प्रत्येक खिळा का उपटत हिंडतो ते.

मिरजगावला जनावरांचा डॉक्टर होता, नवा, तरणा. त्यानं सरळ सांगितलं, "लस माझ्याकडं नाही, नगरहून आणावी लागेल. आणि घोड्याचे दात मी पुस्तकात जास्त बघितलेत, तोंडात कमी. पण येतो." मला तो माणूस आवडला. खोटं बोलला नाही.

मी एस.टी.नं नगरला गेलो. कुणाकडनं तरी थर्मास उसना घेतला होता, त्यात बर्फाचा चुरा आणि मध्ये लस. परत येताना गाडी तासभर रस्त्यात उभी. ऊन असं, की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. मी थर्मास धोतरात गुंडाळून पोटाशी धरून बसलो, बाळंतिणीसारखा. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय त्यात?" मी म्हणालो, "सरकारचं औषध." बाई आदबीनं सरकून बसली.

घरी आलो तर दफेदार वेशीत उभे. "बर्फ ऱ्हायला का?"

"पानी झालंय. पर गार हाय."

"किती गार?"

"हात घालून बघा."

डॉक्टरनं बघितलं, चालेल म्हणाला. दफेदारांना ते पटलं नाही. जत्रेपर्यंत दिवसातून दहा वेळा विचारत होते, "गार हुतं ना रं? नुसतं थंड, का गार?"

दाढ काढायचं काम पागेचं दार लावून केलं. डॉक्टरनं वरच्या ओठाला दोरीचा फास घालू म्हटलं. घोडं हलू नये म्हणून तसं करतात. दफेदार म्हणाले, "गरज न्हाई. सरकार भले हायेत." डॉक्टरनं चिमटा उकळला. यांनी परत उकळायला लावला. मग परत. डॉक्टर हसला, पण उकळला. मला वाटलं होतं की दाढ दफेदारच काढतील. पण चिमटा त्यांनी स्वतःच डॉक्टरच्या हातात दिला. यांनी जीभ बाजूला धरली, कानाशी पुटपुटत राहिले, आणि डॉक्टरनं एका हिसक्यात टोपी बाहेर काढली. सरकारनं फक्त एक पाय आपटला. थोडं रक्त आलं. खाली नव्या दाढेचं पांढरं टोक, तांदळाच्या कोंबासारखं.

डॉक्टर म्हणाला, "छान झालं."

दफेदार म्हणाले, "आता खरं भ्या."

आणि आम्ही भ्यालो. सरकार दुसऱ्या दिवसापासून खायला लागला, बोळे पडायचे थांबले, बरगड्या भरायला लागल्या. पण दफेदार रोज त्याची हनुवटी वर उचलून डोळ्याच्या कोपऱ्यात बघायचे, पांढरा पडदा सरकतोय का. शेपूट हलवून बघायचे, ताठ तर नाही ना. धनुर्वाताचं जनावर आवाजाला दचकतं, म्हणून घरात कुणी भांडं पाडलं तर आधी सगळे घोड्याकडं बघायचे. जातं फिरवताना कारभारणीला त्यांनी हळू फिरव म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "हळू फिरवून पीठ कसं पडंल, दफेदार?" पण हळू फिरवलं. डबा बडवणं तर बंदच. म्हणजे ज्या ढोलासाठी शिकवायचं, तो ढोल ऐकवायचाच नाही. मी चिडलो, पण बडव म्हणायची माझीही छाती झाली नाही.

गावात गोष्ट लपत नाही. डॉक्टर येऊन गेला, हे सोपानला त्याच दिवशी कळलं. त्याची पांढरी घोडी रोज ओढ्यापर्यंत मिरवायला लागली.

दुष्काळामुळं त्या साली जत्रा साधीच होती. तमाशा नाही, कुस्त्या नाहीत, पण पालखी निघणार होती. त्या सकाळी मी शाल घेऊन पागेत गेलो, तर दफेदार सरकारला खरारा करून कोपऱ्यात बसलेले.

"चला," मी म्हणालो.

"मी येत न्हाई."

"आन तोंड कोन उघडनार? गुरव बघनार हाय."

"तू." त्यांनी गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला. "हलगी वाजली आन सरकार ताठले, तर मला बघवायचं न्हाई. जा तू. आन त्येंला अहो म्हन. अरे म्हनलास तर उघडायचे न्हाईत."

देवळापुढं सगळं गाव. हलगीवाले काटक्यांच्या जाळावर हलग्या तापवत होते, मधेच एखादी टिपरी पडायची. प्रत्येक टिपरीला मी सरकारच्या डोळ्याकडं बघायचो. पडदा नव्हता. कान हलत होते.

गुरवानं कान बघितले, डोळे बघितले, खूर उचलून बघितले. "ठीक हाय," म्हणाला.

सोपान पुढं झाला. "तोंड बघा. दाढ काढलीया त्येची. डाक्तर येऊन गेलाय, खोटं असंल तर सांग म्हनावं."

"बघा की," मी म्हणालो. गूळ बोटांना चोळला आणि हात पुढं केला. सरकारनं मान वर केली आणि दात आवळले. परत केला. परत तेच. त्यानं माझा हात कधी बघितलाच नव्हता.

सोपान हसला. "तोंड उघडंना. म्हंजे समजून घ्या."

गुरवानं माझ्याकडं बघितलं. दोन्ही म्हातारे बघायला लागले. सगळं गाव बघायला लागलं. मी घसा साफ केला. म्हणालो, "सरकार, तोंड उघडा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सरकारचा एक कान माझ्याकडं वळला.

मी जवळ गेलो, गळ्यावर हात ठेवला, आणि दफेदारांच्या चालीवर म्हणालो, "सरकार, जरा दावता का? दुखवनार न्हाई. आमची लाज तुमच्या तोंडात हाय."

त्यानं माझी बोटं हुंगली. मग ओठ सैल झाले. मी मोकळ्या जागेतून हात आत सरकवला, जीभ धरली. गरम, जड, खरबरीत, आणि माझ्या मुठीत निवांत पडलेली. आयुष्यात पहिल्यांदा मी घोड्याच्या तोंडात हात घातला होता, तोही सगळ्या गावापुढं.

गुरवानं बोट घातलं, चाचपलं. "हाय की दाढ. कवळी हाय, पर हाय." दोन्ही म्हाताऱ्यांनी चाचपलं. सोपाननंही बोट घातलं, कशाला ते तोच जाणे. ते शाबूत बाहेर आलं, हा सरकारचा भलेपणा.

गुलाल उधळला. हलग्या एकदम कडाडल्या. मी डोळे मिटले. उघडले, तर सरकार पालखीपुढं चालायला लागला होता. मान खाली, पावलं मोजल्यासारखी. डबा ऐकून ऐकून त्याला ढोलाचं काही वाटतच नव्हतं.

उन्हं कलल्यावर सरकारला मागं घेऊन पागेत आलो. दफेदार अजून कोपऱ्यातच होते, मुंडाशानं दोन्ही कान झाकून. मान राहिला का गेला, त्यांनी विचारलं नाही. कापड बाजूला केलं आणि म्हणाले, "लीद पडली का?"

"पडली," मी म्हणालो. "देवळाच्या पायरीपाशी. पालखी उठताना."

त्यांनी डोळे पुसले. भिंतीला धरून उठले, मुंडासं नीट बांधलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "राम राम."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. माझा ऊर भरून आला. मीही हात जोडले, मान लववली. मग लक्षात आलं, ते माझ्या खांद्यावरून मागं बघत होते.